गोलूभाऊंचा केक

३ मार्च
शाळेतून येताना शेलूबाजारला रस्ता बंद. वाटलं अपघात. अपघात कसला, आमच्या गावच्या गोलूभाऊंचा वाढदिवस! मोटरसायकलच्या सीटवर केक, हातात तलवार, भोवती सगळे रिकामटेकडे. ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार. या पठ्ठ्याला मी सातवीला शिकवलंय. तेव्हा पेन्सिलीला टोक करता येत नव्हतं. घरी येऊन गावाच्या ग्रुपवर तेवढंच लिहिलं.

५ मार्च
गो.ने फेसबुकवर तलवारीसकट फोटो टाकलाय. वर: "मास्तरीणबाईले लय बोलाची हौस. पुढच्या वाढदिवसाले केक नाही, बाईच कापू." खाली हसणारी तोंडं. त्यात माझा सख्खा दीर. काल याच घरात पोहे खाऊन गेला.
स्क्रीनशॉट ठेवला. संध्याकाळी गो.ने पोस्ट काढून टाकली. वाघच तो!

६ मार्च
स्कूटी सर्व्हिसिंगला दिली, असं ह्यांना सांगितलं. दिली नाही, शाळेमागे झाकून ठेवली. प्रवासी जीपने येतेजाते.
ठाण्यात अर्ज दिला. जमादार म्हणाला, "बाई, फेसबुकवर तं जो तो कापून राह्यला. खरंच काही केलं असतं तं गोष्ट येगळी." म्हणजे आधी कापून घ्यायचं, मग तक्रार घेऊन यायचं. कशात घालून आणायची मान, पिशवीत?

८ मार्च
महिला दिन. ग्रामपंचायतीत माझा सत्कार. शाल, नारळ, 'नारीशक्ती'वर भाषण. सत्कार केला तंटामुक्त समितीचे अध्यक्ष नानासाहेबांनी. शाल घालता घालता कानाशी: "अर्ज वापस घ्या मॅडम. आपलं गाव तंटामुक्त हाय. येशीवर बोर्ड हाय." गो. मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होता.
शाल चांगली आहे. इस्त्रीखाली घालायला काढली.

१० मार्च
शाळेत सोबतच्या शिक्षिकेला, नसीमला, सगळं सांगितलं. ती डबा खाता खाता थांबली. "हमारे मोहल्ले का लड़का ऐसा लिखता ना बाई, तो शाम तक अंदर होता. और पूरा मोहल्ला थाने के बाहर."
कडक कायदा पाहिजे, कडक कायदा पाहिजे, म्हणून आठवडाभर घरात ओरडतेय. तो कुणावर कडक होणार, ते नसीमला आधीच माहीत. तरी ती म्हणाली, "पर तू छोडना मत."

१३ मार्च
गो. आईबापांना घेऊन आला. पाया पडला. "मॅडम, मज्याक व्हती." नजर सतरंजीवर. आई पदर डोळ्याला लावून: "आसेगावची सोयरीक जमली हाय, बाई. आजकाल वावरवाल्या पोराले पोरगी कोन देते? केस झाली तं मोडन."
बाप दारातच, चपलांपाशी बसला. त्याची मात्र दया आली.
ह्यांनी आतून चहा आणला. मला द्यायचा विसरले, गो.ला दिला. नंतर म्हणाले, "आपलं दुकान हाय. गिऱ्हाईक गावातलंच. कायले वाढवतं?"
या शेंबड्याला तुरुंगात टाकून मला काय मिळणार? आत जाईल तो मूर्ख, बाहेर येईल तो गुंड. कळतं मला. पण ही धमकी होती, एवढं तरी सरकारी कागदावर कुणीतरी लिहावं. मजाक म्हणे.

१५ मार्च
नानासाहेबांनी समझोत्याचा कागद टाइप करूनच आणला. "उभय पक्षांच्या गैरसमजातून सदर प्रकार घडला." उभय! मान माझी, तलवार त्याची, आणि गैरसमज दोघांचा.
मी टेबलावर ठेवा म्हटलं. तिथेच आहे. दीर सहीसाठी पेनही ठेवून गेला. फार काळजी घरच्यांना.

१६ मार्च
दुपारी अनोळखी नंबर. उचलला नसता, पण पोरीचा आवाज.
"मॅडम, मी आसेगावची. वैष्णवी. माह्यं लगन जमलं त्याच्यासंगं."
मला वाटलं, हीही रडणार. रडली नाही.
"घरचे म्हणतात, मज्याक व्हती. मले एकच सांगा. तुमाले भेव वाटलं व्हतं का?"
जमादार, नानासाहेब, दीर, आमचे हे... इतक्या दिवसांत एकानेही हे विचारलं नव्हतं. आणि मीही कुठे बोलले? या वहीतसुद्धा नुसती जीभ चालवतेय.
म्हटलं, "हो. अजून वाटते. स्कूटी सोडली, जीपने येतेजाते."
ती म्हणाली, "तुमी तं जीपनं जाता. मले त्याच्याच घरात राहा लागन." मागून कुणीतरी हाक मारली, फोन बंद झाला.
कागद टेबलावर आहे, सहीविना. उद्या सकाळी नानासाहेब न्यायला येणार.
तिने स्क्रीनशॉट मागितला नव्हता. मीच त्या नंबरवर पाठवला. पाहिलाय तिने. उत्तर नाही.