दोर सैल सोडलेत, बाबा

साफ चूक, बाबा! काल फोनवर म्हणालात, "बोट आवळून बांध, वादळात इंचभर हलता कामा नये." आणि मी शहाणीने ऐकलं. आठही दोर तुमच्या टेम्पोवरच्या गाठीने करकचून बांधले. आमचा कप्तान आला, बघितलं आणि पोट धरून हसला. "बोट आहे ही, पोरी, कपाट नाही! वादळात पाणी पुरुषभर चढेल, तेव्हा बोटीलाही वर यायला नको?"

सगळं सोडलं, पुन्हा सैल बांधलं. शिडं उतरवली, डेकवरचं सामान खाली नेलं. हात सोलवटलेत, पण काय मजा येतेय म्हणून सांगू!

आता कॉलर ताठ करा. दोर जिथे धक्क्याच्या काठाला घासतो तिथे मी चिंध्या गुंडाळल्या, तुम्ही कपाटाच्या कोपऱ्यांना लावता तशा. कप्तान बघतच राहिला. "दोर घासूनच तुटतात. हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "माझ्या बापाने."

वादळ येईल तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत असू, बोटीवर कुणी नाही. आईला एवढंच वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

चिंध्या सातच दोरांना पुरल्या. आठव्याला तिने विणलेला स्वेटर गुंडाळणार आहे. ओरडू दे तिला, पत्र पोचेपर्यंत वादळ गेलेलं असेल. वारा सुटलाय, पोस्टवाला शटर ओढतोय. पळते!

तुमचीच,
टेम्पोवाल्याची लेक