आपल्या छपरावर बर्फ का टिकत नव्हता

कोस्कीला (मिशिगन)
१७ फेब्रुवारी १९९४

आदरणीय आर्वोदादास धाकट्या रेनोचा नमस्कार.

तू आणि वहिनी ॲरिझोनाच्या उन्हात सुखरूप असाल, तुझा गुडघा कुरकुरत नसेल आणि अंगणातल्या लिंबांना (ज्यांचा फोटो तू दर नाताळात न चुकता पाठवतोस) यंदाही बहर आला असेल, अशी देवाजवळ प्रार्थना. इकडे उणे पंचवीस आहे, म्हणजे विशेष काही नाही.

आईसाठी पाठवलेलं विमानाचं तिकीट पोचलं. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण सोबतच्या चिठ्ठीत 'घर जुनं झालंय, तिला थंडी बाधेल' असं लिहिलंस, त्याबद्दल बोलणार आहे, आणि कागद पुरला नाही तर पाठच्या बाजूलाही बोलणार आहे.

गेली बारा वर्षं गावात एकट्या आपल्याच छपरावर बर्फ टिकत नाही. इतरांच्या घरांवर एप्रिलपर्यंत तीन-तीन फुटांचा थर, आणि आपलं छप्पर तिसऱ्या दिवशी मोकळं. मी हा बाबांच्या सुतारकामाचा गुण आणि देवाची कृपा समजत होतो. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तसं चारचौघांत बोललोही आहे (नम्रपणे, पण दर रविवारी). एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. समोरच्या हिल्माकाकू एकट्या, त्यांच्या छपरावर बर्फाचा डोंगर, म्हणून सलग चार हिवाळे मी शिडी लावून तो फावड्याने खाली ओढला. त्या खालून ओरडायच्या, "रेनो, राहू दे रे ते! माझी गोधडी आहे ती!" मला वाटायचं, बाई भिडस्त आहे. मी आणखी जोरात ओढायचो.

गेल्या मंगळवारी पहाटे आईच्या पलंगावर छतातून पाणी ठिबकलं आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यात तिची कवळी गोठली. मी पेला कोमट पाण्यात धरून दात सोडवले. दात बसवल्यावर पहिलं वाक्य बोलली, "तुझ्या बापाच्या थडग्यात याहून ऊब असेल. मी आपली आर्वोकडे जाते."

मी बाहेर आलो. वळचणीला माझ्या मांडीएवढे बर्फाचे सुळे. हिल्माकाकू वेलदोड्याचा पाव घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बारा वर्षं आकाश तापवतोयस, आणि आभार देवाचे मानतोस! घरातली ऊब वर जाते, बर्फ वितळतो, पाणी कडेला येऊन परत गोठतं, आणि मागून येणारं पाणी अडून आईच्या अंगावर. शाळेत काय शिकलास रे?" (शाळा तुझीच आणि माझीच, सगळ्या इयत्ता एका खोलीत. हा धडा झाला त्या दिवशी बहुधा तू मला मासे धरायला नेलं होतंस.)

मग बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. त्रेसष्ट साली बाबांनी, तू आणि मी मिळून तिथे ऊब धरून ठेवायला गुलाबी काचलोकर अंथरली होती, आठवतं? आठवडाभर तिघं अंग खाजवत होतो आणि बाबा म्हणाले होते, "ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." दादा, ती उरली नाही. वीतभर होती तिथे चार बोटं राहिली आहे. कुठे उंदरांनी संसार थाटलेत, कुठे ओल लागून ती काळ्या पोळीसारखी चिकटली आहे. फुगलेली असते तोवरच लोकर ऊब धरते, बसली की संपलं, हे आम्हाला कुणी सांगायचं? आणि आईच्या पलंगाच्या बरोबर वर ती दोन बोटंसुद्धा नाही, कारण तिच्यावर रचलेली आहेत खोकी! उघडलं तर तुझी शिकारीची मासिकं! ॲरिझोनाला पळताना 'थोडे दिवस ठेव' म्हणाला होतास. तेव्हा आईला थंडी बाधते ती घरामुळे नाही, तुझ्या मासिकांमुळे. हे मी शांतपणे लिहितो आहे. शनिवारी वाफेच्या स्नानाला सौनाची भट्टी पेटवली, तीत त्यातली काही घातली. चांगली पेटली.

देव तुला सुबुद्धी आणि मला संयम देवो.

तुझा (तरीही) रेनो

ता. क. खोकी एकूण तेरा. रात्री प्रार्थनेला बसलो आणि आठवलं की त्यातली तुझी दोनच. उरलेल्या अकरांत चर्चची जुनी भजनपुस्तकं आहेत. ती टाकून देणं मला पाप वाटलं, म्हणून मीच वर नेली होती. बारा वर्षांपूर्वी. म्हणजे कृपा सुरू झाली त्याच वर्षी.

ता. क. २. हिल्माकाकूंना हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३. नवी लोकर मी आणेन, पण अंथरायला दोन माणसं लागतात. जूनमध्ये येशील का? गुडघ्याला त्रास नको, तू खालून दे, मी वर अंथरतो. माझ्या खोलीवर कधी खोकी नव्हती, म्हणून आईला तिथे हलवलंय आणि मी तिच्या पलंगावर दोन टोप्या घालून झोपतो. तिला राहा असं मी म्हटलेलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं. काल सकाळी तिने माझ्या टोप्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग स्टूल ओढून माळ्याच्या झडपेच्या फटीत तुझं पाकीट घडी करून ठोसलं. मी विचारलं, "अगं, तिकिटासकट?"

म्हणाली, "नुसत्या पाकिटाने फट भरत नव्हती."