डावीकडची चुणी

१४ जून

संपलं. सिटी सेंटरचं ऑफिस बंद. आमची कंपनी इंदोरच्या कंपनीत विलीन झाली, आणि मी कशातच नाही. साहेब नजर चुकवून म्हणाले, "मॅडम, पुनर्गठन में आपकी पोस्ट नहीं बैठ रही." नऊ वर्षं बसली होती की! खुर्चीवरची उशी माझी होती, तेवढी घेऊन आले.

सासूबाईंना — मी आईच म्हणते — सांगितलं. म्हणाल्या, "छप्पन साली आपलं राज्य विलीन होऊन इथल्या कचेऱ्या भोपाळला गेल्या, तेव्हा मामंजीपण असेच घरी बसले होते म्हणे. वर्षभर गच्चीवर कबुतरं बघत." मग म्हणाल्या, "तू जेवून घे."

हे गेल्यापासून आम्ही दोघीच. घर माझ्या पगारावर.

२ जुलै

केलं सुरू. त्या पैसे देऊन अंग बघायच्या साइटवर. चेहरा नाही, हनुवटीच्या खालीच. आई दुपारी महिला मंडळात मुलींना नऊवारी नेसायला शिकवतात, तेवढ्या वेळात मागच्या खोलीत. फरशी कुणी ओळखू नये म्हणून चादर अंथरते. खांद्यावरच्या तिळाला पावडर. मोठी हुशार मी.

पहिल्यांदा केल्यावर खूप वेळ हात धूत बसले. हातांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी!

१९ जुलै

लोकांना वाटतं, अंग दाखवलं की पैशांचा पाऊस. कसला डोंबलाचा पाऊस! व्हिडिओ दहा मिनिटांचा, बाकी दिवसभर गप्पा. जेवलास का, झोप लागली का, साहेब आज का ओरडला — अनोळखी बाप्यांची आई झालेय मी. साइट तिचा हिस्सा आधी कापून घेते. एकाने महिनाभर सगळं पाहिलं आणि बँकेला कळवलं की हे पैसे त्याने भरलेच नव्हते. माझ्या खात्यातून गेले परत. दोन दिवस नवीन काही टाकलं नाही, की माणसं गळतात. ताप असला तरी हसायचं — म्हणजे चेहरा दिसत नाहीच, अंगाने हसायचं.

पगाराच्या निम्मेही होत नाहीत. तरी विजेचं बिल भरलं, आईंच्या गुडघ्यांची औषधं आणली. "इतक्यात काम मिळालं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, घरून टायपिंग आहे. त्या गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत राहिल्या.

४ ऑगस्ट

सगळ्यांना एकच हवं — "मराठी बहू". नऊवारी. आणि बाकी काही नसलं तरी चालेल, मंगळसूत्र पाहिजे!

कपाटातून काढलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदा गळ्यात घातलं. हिरवी नऊवारी नेसले, आईंनी लग्नानंतर शिकवली होती तशीच. त्यांची नेसण सगळ्यांपेक्षा वेगळी. काष्ट्याची शेवटची चुणी डावीकडे, दोनदा दुमडून खोचायची. त्यांच्या आजीपासून आलेली. हाताला इतकी सवय, की दुसऱ्या तऱ्हेने नेसताच येत नाही.

आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला व्हिडिओ. मंगळसूत्र परत डबीत ठेवलं. गळ्याला अजून लागतंय.

१२ ऑगस्ट

चोरला कुणीतरी. फुकट फिरतोय.

१३ ऑगस्ट

इंदरगंजच्या चौकात भाजी घ्यायला उभी होते. जो तो फोनमध्ये मान घालून. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि तरी मला वाटत होतं की ती माझ्या आधी इथे येऊन गेलीय. बिनचेहऱ्याची. प्रत्येकाच्या खिशात ती. घरी येऊन आरशात पाहिलं, तर माझीच नजर आधी मानेखाली गेली. भीती वाटली मला. स्वतःच्याच घरात, भर दुपारी.

२४ ऑगस्ट

काय करून बसले मी!

मंडळात कुजबुज आहे. "ही तर सुधाताईंची नेसण." म्हणजे आईंचीच. आईंनी शिकवलेल्या मुली आमच्या लष्कर भागात कितीतरी, पण अंगकाठी जुळते ती शेजारच्या शामलाची. दिवाळीनंतर लग्न आहे तिचं, मुरार भागातल्या एका घरात. आज आली ती, डोळे सुजलेले. "वहिनी, मैंने कुछ किया ही नहीं, तरी सगळे माझ्याकडेच बघतात. मुरारवाले म्हणतात, सोचके बताएंगे. बाबा बोलतसुद्धा नाहीत माझ्याशी."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली. माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली, त्या तिळावर.

माझ्यावर कुणाचाच संशय नाही. विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र — कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

२५ ऑगस्ट

साइटवरून काढून टाकला. गावात आहेच.

२७ ऑगस्ट

आज सांगायचंच, असं ठरवून पानावर बसले. "आई —"

"मीठ कमी पडलं का?"

"नाही."

झालं. एवढंच जमलं. भेकड मेली!

३० ऑगस्ट

शामलाच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या मंदाताई मुरारहून आल्या. फोन आईंच्या पुढे धरला. "सुधाताई, तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू. ही तुमच्या हाताखालची नेसण आहे की नाही, तेवढं सांगा."

मी चहा घेऊन दारात. मला वाटलं, आई म्हणतील बंद करा ते. त्यांनी चष्मा लावला आणि सगळा पाहिला. शेवटपर्यंत. माझ्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या, तेव्हा त्या वळून न बघताच म्हणाल्या, "मधु, ठेव तो ट्रे खाली."

मग मंदाताईंना म्हणाल्या, "माझी नाही ही. माझी चुणी दोनदा दुमडते, ही एकदाच आहे. कुणीतरी बघून नक्कल केलीय. खामखा पोरीचं नाव कशाला खराब करता? शामलाला मी स्वतः शिकवलंय."

मंदाताई चहा पिऊन गेल्या. संध्याकाळी शामलाचा फोन आला, हसत होती. लग्न ठरल्या दिवशीच.

चुणी दोनदाच दुमडलेली होती. आईंना न दिसायला काय झालं? शामलासाठी खोटं बोलल्या, असं मी मनाला समजावतेय.

३१ ऑगस्ट

आई आज मंडळात गेल्या नाहीत. दुपारी हाक मारली. मागच्या खोलीत चादर अंथरलेली होती, मी अंथरते तशीच, कोपऱ्यापर्यंत. हातात इस्त्री केलेली हिरवी नऊवारी.

म्हणाल्या, "ये. उजवीकडे खोचायला शीक आता."