टपरीच्या जागेची नोटीस

नंदामावशी,

गेल्या महिन्यात मी तुझ्याकडून वाटीभर खळ शिजवून नेली. तू विचारलंस, "कशाचा कागुद लावतोस रं?" मी म्हणालो, "पाणीपट्टीचा." तू हसलीस. "मग घट्ट लाव. न्हाईतर लोक म्हणतील, आमी बघितलाच न्हाई."

तो कागद पाणीपट्टीचा नव्हता. टोलनाक्याच्या रस्त्यालगतची ग्रामपंचायतीची दहा गुंठे जागा गोदामासाठी लिलावात विकायची आहे, त्याची ती नोटीस होती. तुझी भज्यांची टपरी त्याच जागेवर आहे. सरपंचांनी सांगितलं होतं, "पुराव्यापुरता फोटो काढ आणि कागद लगेच उतरव." खळ ओली होती, त्यामुळे तो सहज निघाला. ग्रामपंचायतीतली माझी शिपायाची नोकरी कायम करू, असंही तेच म्हणाले आहेत. म्हणून मी गप्प राहिलो.

ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत लेखी द्यावी, असं नोटिशीत लिहिलं आहे. उद्या तिसावा दिवस आहे.

हे पत्र मी तीनदा लिहून काढलं. पण तुझ्याकडे आलेला प्रत्येक कागद तू मलाच वाचायला देतेस, तेव्हा पाठवून उपयोग नाही. उद्या टपरी उघडायच्या आधी मी येतो आणि तोंडानेच सांगतो. हरकतीचा अर्ज लिहून तयार आहे, त्यावर तुझा अंगठा तेवढा बाकी आहे. अर्जावर शिक्का मारून पोच देणारा शिपाई मीच आहे, निदान उद्यापर्यंत.

तुझा,
नितेश