नाकाखालचा बाम

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, घरमालकीण मायाळू आहे. फक्त आज घास उतरत नाही, त्याचं कारण सांगते.

बाहेरून येणारं मांस, मासळी, दूध कसं तपासायचं, हे शिकवायला मी इथे आले. आज अधिकाऱ्यांना बंदरावरच्या शीतगृहात नेलं. म्हटलं, रोज तपासता तशी ही मासळी तपासून दाखवा. तर मोठ्या साहेबांनी खिशातून डबी काढली, नाकाखाली बाम चोपडला आणि डबी पुढे दिली. सगळ्यांनी लावला. मग खोक्यावर वाकून, वास घेऊन म्हणाले, “उत्तम आहे!”

“साहेब, हे काय?”

“मॅडम, त्याशिवाय इथे उभं राहवत नाही हो.”

शिसारी आली मला. सगळ्यांना साबणाने नाकं धुवायला लावली आणि तेच खोकं पुन्हा हुंगायला लावलं. दोघं बाहेर पळाले. साहेब भिंतीला धरून ओकले. मला मेलीला बरंच वाटलं.

“आता बाकीच्या मालाचं काय करणार?” मी विचारलं.

साहेब तोंड पुसत म्हणाले, “तो परवाच पास होऊन बाजारात गेला. हे एक खोकं तुमच्या वर्गासाठी ठेवलं होतं.”

आई, काल घरमालकिणीने झणझणीत मासळी केली होती. मी दोनदा मागून घेतली.

तुझी सर्दी गेली का गं? तू बाम लावतेस तोवर मासळी वहिनीला हुंगू दे.

तुझी,
धाकटी