मिरचीच्या धुरीचं चित्र

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय ते एका चित्रामुळे. मी सिंगापूरला असतो हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरी शोधत हिंडत होतो. आता आठवडाभर तुआसच्या कारखान्यात यंत्रांच्या मागे असतो आणि रविवारी इथल्या एका संग्रहालयात हौसेने लोकांना चित्रं समजावून सांगतो. तुम्ही म्हणाला असता, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

सध्या तिथे मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या चित्रपोथ्यांच्या नकला मांडल्या आहेत. आपल्यासारखी बाराखडी नव्हती त्यांच्याकडे, सगळा कारभार चित्रांत. तोंडापुढे वळलेली वेलांटी काढली की तो माणूस बोलतोय. मुलाजवळचे ठिपके म्हणजे त्याचं वय, आणि शेजारी भाकरी, म्हणजे त्या वयाच्या पोराच्या वाट्याला जेवणात किती यायची ते. लग्नात नवरानवरीच्या वस्त्रांची गाठ मारलेली, अगदी आपल्यासारखी. तरुणाने दारू प्यायली तर थेट मरणाची शिक्षा, पण नातवंडं झालेल्या म्हातारीने मजेत वाडगा तोंडाला लावला तरी कुणी हटकायचं नाही. इथे लोक हमखास हसतात आणि मलाही चेव येतो. मग पुढचं चित्र येतं. बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलाचं तोंड मिरचीच्या धुरावर धरतोय. मुलाच्या गालावर आसवं आहेत, बापाच्या तोंडापुढे वेलांटी.

परवाच्या रविवारी एक बाई "सो क्रूएल!" म्हणून मागे सरकल्या. त्यांच्या शेजारच्या चिनी आजोबांनी मला अगदी साधेपणाने विचारलं, "युअर इंडिया साइड, गॉट लाइक धिस ऑर नॉट?" आणि मी हसत, इथल्याच बोलीच्या ढंगात म्हणालो, "नो लाह, नॉट अस." मागे माझी लेक उभी होती. तेरा वर्षांची आहे, त्या दिवशी हट्टाने माझ्याबरोबर आली होती. चोआ चू कांगला घरी परतताना एमआरटीच्या गाडीत ती म्हणाली, "बट आत्या सेड आजोबा डिड दॅट टू यू." मी म्हणालो, "आत्या लहान होती, तिला काहीतरी चुकीचं आठवतंय." लेक खिडकीबाहेर बघत बसली. तिला पटलं नाही हे मला कळलं आणि तरी मी रात्री जेवायला काय करायचं ते विचारलं.

साताऱ्याचं स्वयंपाकघर, शेगडीतले निखारे, त्यावर तुम्ही टाकलेल्या सुक्या मिरच्या. वर्गातला पृथ्वीचा गोल मी फोडला होता आणि नाव बाकावरच्या सोबत्याचं सांगितलं होतं. त्याने छड्या खाल्ल्या. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. मानगूट धरून मला धुरावर वाकवलंत, आणि हे त्या चित्रात नाही, तुम्हीही माझ्याबरोबर वाकलात. आपण दोघंही खोकतोय, दोघांच्या नाकाडोळ्यांतून धारा. आई मागून ओरडतेय, "अहो, सोडा त्याला, मरेल तो." मग तुम्ही माझे डोळे गार पाण्याने धुतलेत आणि मला त्या सोबत्याच्या घरी घेऊन गेलात. वाटेत कुणीतरी विचारलं, "मास्तर, घरात काही वाईट झालं का?" इतके तुमचे डोळे लाल होते.

धुरी बरोबर होती असं मी म्हणत नाही. मी लेकीवर कधी बोटही उगारलेलं नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. पण धुरी खोटं बोलण्याबद्दल होती, आणि मी तुमच्याबद्दलच खोटं बोललो, वर ते माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात घातलं. जित्याची खोड, दुसरं काय. ज्याने ते चित्र काढलं त्याचं राज्य तेव्हा बुडालेलं होतं. जिंकून आलेल्या परक्या स्पॅनिश धन्याला, आम्ही असे राहत होतो, हे दाखवायला त्याने ते काढलं. त्याला धुरी गाळता आली असती. भाकऱ्या आणि लग्नाची गाठ काढून तो थांबला असता तर कुणाला कळणार होतं? माझ्यापुढे तर रविवारची रिकामी चार माणसं होती. त्यांच्यापुढे मला तुमची लाज वाटली, बाबा, आणि आता त्या लाजेची इतकी लाज वाटते की त्या पोथीसमोर उभं राहवत नाही. लेकीला सगळं सांगायचं, तुमच्या लाल डोळ्यांसकट, असं रोज ठरवतो. नाहीतर तिच्या लेखी आजोबा म्हणजे धुरावर मूल धरणारा एक माणूस, तेवढाच उरेल.

मघाशी ती खोलीत डोकावली. "बाबा, हू आर यू रायटिंग टू?" असं विचारून दारातच थांबली. तिला मराठी वाचता येत नाही. तरी मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "कुणाला नाही गं, ऑफिसचं आहे."