पुढच्या बाजाराची पेशी

बा, तुझ्या नावाचा कुठलाही कागद आला की तो मीच वाचून दाखवायची. आज मीच तुला कागद लिहायला बसले आहे, आणि चार ओळी झाल्यावर ध्यानात आलं की हाही वाचून दाखवायला मीच लागणार. घे, हस आता.

चांद्याच्या वेशीपाशी शिपायानं आपल्याला अडवलं होतं, आठवतं? सायकलला पुढं मासोळीची टोपली, मागं कॅरियरवर मी. "एका सायकलवर दोघं? गुन्हा हाये," तो म्हणाला. तू म्हणालास, "दोघं कुठी साहेब? ही तं माही पोट्टी होय." त्यानं तुझं नाव लिहून घेतलं, आणि आपलं नाव सरकारच्या वहीत गेलं म्हणून मी घरापर्यंत मिरवत आले. वेडीच होते.

उन्हाळ्यात कोतवाल कोर्टाचं समन्स घेऊन आला. तू अंगठा दिलास आणि कागद माझ्याकडे सरकवलास. मी चौथीत होते, आपल्या धिवरांच्या घरांत वाचता येणारी एकटीच, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नकोस. आपल्या घरी तारखा नव्हत्याच. या बाजाराच्या आधी, त्या बाजाराच्या नंतर, असंच सगळं मोजायचो. मी बोटांवर मोजलं, तर कोर्टात हजर व्हायची पेशी येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे नेमकी तळ्याच्या दिवशी! पाणी उतरलं की अख्खं गाव एकाच दिवशी तळ्यात उतरायचं, पहिलं जाळं तुझ्या हातचं पडायचं, आणि यंदा त्याची एक दोरी तू मला धरायला देणार होतास.

"कई हाये पेशी, बाई?"

"पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

"येत्या नाई?"

"नाई. त्याच्या पुढच्या."

किती सहज बोलून गेले मी.

अजून डोळे मिटले की मी त्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असते. दोरी हाताला काचते आहे, पायाखाली चिखल सरकतो आहे, आणि तू पलीकडून ओरडतो आहेस, "सोडू नोको वो माय, सोडू नोको!" जाळं जड झालं तेव्हा तू जे हसलास, तसं हसताना तुला पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याच वेळी तिकडे चांद्यात तुझ्या नावाचा पुकारा होत होता, आणि हे त्या तळ्यात फक्त मला ठाऊक होतं.

चार दिवसांनी वारंट आलं. तू अंगणात जाळं शिवत होतास. पेशीला नेसायचं म्हणून धुतलेलं धोतर दोरीवर वाळत होतं. "पेशी तं अजून यायची हाये नं, साहेब," तू म्हणालास. शिपाई म्हणाला, "गेली तुही पेशी. चाल, उठ." तू माझ्याकडे पाहिलंस. माझी मान खाली. मग तू म्हणालास, "पोट्टीनं बराबर वाचलं होतं. बाजार मोजाले मीच चुकलो." आणि ओलंच धोतर नेसून, सगळ्या गावादेखत, शिपायाच्या पुढं चालत गेलास. मायनं मला विचारलं, "तू बराबर सांगतलं होतं नं वो?" मी हो म्हणाले. अशी मी.

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या साहेबानं दम देऊन सोडलं, तेव्हा तू काखेत कॅलेंडर घेऊन आलास. भिंतीवर टांगून म्हणालास, "आता बाजार मोजाचं काम नाई. तू पाहत जाजो." पुढं ही गोष्ट तू जन्मभर पाहुण्यारावळ्यांना सांगितलीस, स्वतःच्या अडाणीपणावर हसत हसत. मी चहा पुढं करायची आणि आत निघून जायची. पण त्या कॅलेंडरवर तुझी ती पेशी कोणत्या घरात होती, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. म्हणूनच वाटतं, तुला ठाऊक होतं.

चुकलं माझं, बा. हे तू असताना म्हणायला हवं होतं. पण तुझ्याशी आता आणखी खोटं कशाला बोलू? ती दोरी पुन्हा कोणी हातात देत असेल, तर मी पुन्हा पुढचाच बाजार सांगीन.